आचाऱ्याची जीभ आणि साहेबांचं पोट

आचारी निवृत्त झाला तेव्हा कारखान्याने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मुलीने कुत्रा दिला. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. कुत्र्याला मात्र रोज दोनदा फिरायला न्यावं लागे.

कुत्र्याचं नाव त्याने 'साहेब' ठेवलं. तीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये त्याने साहेबलोकांची बोलणी खाल्ली होती. आता हा आखूड पायांचा तपकिरी साहेब पुढे ऐटीत चालायचा आणि मागून आचारी पिशवीत त्याची घाण गोळा करायचा. यात सूड नेमका कोण कुणावर उगवत होतं, याचा विचार त्याने कधी केला नाही.

मुलगी म्हणजे काळजीचं आगर. तिने फ्रिजवर यादी चिकटवली होती: द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट, रानातली अळंबी आणि वाटेवरचं कुठलंही अनोळखी फळ साहेबांच्या तोंडी जाता कामा नये. आचाऱ्याने चष्मा लावून ती वाचली आणि यादी करणारा जन्मात चुलीपुढे उभा राहिलेला नाही, असा निकाल दिला. त्याचा नियम साधा होता. आधी आचाऱ्याच्या जिभेवर, मग समोरच्याच्या ताटात. रोज चारशे माणसं जेवायची, आणि एकही दवाखान्यात गेलं नव्हतं.

तोच नियम त्याने नाल्याकाठच्या पायवाटेवर चालवला. झुडपावर जांभळं, तांबडं काही दिसलं की तो एक दाणा दाताखाली फोडायचा, जिभेच्या शेंड्यावर धरायचा आणि थुंकायचा. कडू लागलं तर नापास. तोंडाला कोरड पडली तर नापास. साहेब समोर बसून, लाळ गाळत, निकालाची वाट बघायचे. एकदा आचाऱ्याचे ओठ सुजून वांग्याएवढे झाले. घरी त्याने डास चावल्याचं सांगितलं.

त्या सकाळी एका बंद बंगल्याच्या कुंपणावरून वेल बाहेर लोंबत होता आणि खाली द्राक्षांचा सडा पडला होता. यादीतलं पहिलंच नाव द्राक्षांचं आहे, हे आचाऱ्याला चांगलं आठवत होतं. पण आजाऱ्यालासुद्धा देतात ती द्राक्षं अख्खी चप्पल पचवलेल्या कुत्र्याला काय करणार? तरी कर्तव्य म्हणून त्याने तीन खाऊन पाहिली. साखर होती नुसती. मग त्याने मूठभर गोळा करून तळहात पुढे केला. साहेबांनी चावण्याचे कष्ट घेतले नाहीत.

घरी आल्यावर साहेबांच्या मिशीला चिकटलेलं साल मुलीने पाहिलं आणि काय खाल्लं ते विचारलं. आचाऱ्याने सवयीने हात वर केले. मीठ जास्त झालं की तो पाण्यावर ढकलायचा. आता रस्त्यावर ढकललं. पडलेलं एखादं चाटलं असेल, म्हणाला. मुलीने वाद घातला नाही. साहेबांना उचललं, बापाला गाडीत बसवलं आणि थेट जनावरांचा दवाखाना गाठला.

स्टीलच्या टेबलावर साहेब शेपूट हलवत उभे होते. मुलीने बापाची हकीकत जशीच्या तशी डॉक्टरीणबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, आत्ता ठणठणीत दिसतोय यावर जाऊ नका. द्राक्षांनी एखाद्या कुत्र्याला काहीच होत नाही, आणि एखाद्याची थोड्याशानेही मूत्रपिंडं निकामी होतात. कुणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. उलटी करवायची तर ती लवकर, पोटात असेपर्यंतच. म्हणून किती आणि कधी, ते नक्की हवं.

आचाऱ्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब त्याच्या हाताकडे बघत होते, अजून काही मिळेल म्हणून.

"मूठभर," आचारी म्हणाला. "मीच भरवली. अजून तास नाही झाला. चाखून बघितली होती आधी."

डॉक्टरीणबाईंची सुई हवेत थांबली. "चाखून?"

मग त्याला सगळी पद्धत सांगावी लागली, जिभेच्या शेंड्यापासून थुंकण्यापर्यंत. मुलीला सुजलेल्या ओठांचाही उलगडा झाला.

"काका, जीभ तुमची आणि मूत्रपिंडं त्याची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोड लागलं म्हणून काय कळणार? पाखरं खातात तेही कुत्र्याला चालतंच असं नाही. उद्या तुम्हीच आडवे व्हाल." आणि त्यांनी इंजेक्शन दिलं.

थोड्याच वेळात साहेबांनी सगळा माल परत केला, बराचसा अखंड. तरी सलाइन लावून दोन दिवस ठेवून घेतलं, रक्त तपासायचं होतं.

बाहेरच्या बाकावर आचारी मुलीच्या बोलण्याची वाट बघत बसला. त्याने उत्तरंही जुळवून ठेवली होती. शेवटी ती त्याच्याकडे वळली.

"बाबा, लहानपणी मला काय काय असं चाखून दिलंत?"

यावर एकही जुळवलेलं उत्तर बसेना. "सगळंच," तो म्हणाला.

ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा त्याच्यावर चिडली.

ते दोन दिवस आचारी धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी रक्त चांगलं आलं. साहेब बाहेर येताच आधी खुर्चीचा पाय हुंगून ओला करून मोकळे झाले. मुलीने पट्टा बापापुढे धरला.

"मी?" त्याने विचारलं.

"मग काय साहेब स्वतः धरणार?" ती म्हणाली. "पण वाटेत तोंड बंद ठेवायचं. दोघांनीही."