चुकलेल्या दगडाला टाळी

माझी नात बर्फावर दगड सरकवायची. त्यातच तिची वीस वर्षं गेली. दोनदा ती देशात पहिली आली, एकदा युरोपात. पेपरात फोटो आले, टीव्हीवर दिसली. तरी इथे ग्लासगोत आमच्या मराठी बायका भेटल्या की विचारतात, "पण म्हणजे नक्की करते काय ती?" त्यांच्यासाठी एकदाच लिहिते.

बर्फाची लांबलचक पट्टी असते. पलीकडच्या टोकाला रंगीत वर्तुळं काढलेली. एका संघात चौघीजणी. एकीनं वर हँडल लावलेला जड दगड सरपटत येऊन सोडायचा. दोघींनी त्याच्यापुढे ब्रशनं बर्फ घासत पळायचं, म्हणजे दगड आणखी लांब जातो. चौथीनं वर्तुळापाशी उभं राहून ओरडायचं. ज्यांचा दगड मधल्या ठिपक्याच्या जवळ, त्यांना गुण. ती ओरडणारी म्हणजे कप्तान, आणि कप्तान आमची. संघाचा शेवटचा दगडही तीच टाकायची.

दहा वर्षांची असताना शाळेनं मुलांना रिंकवर नेलं होतं. घरी येऊन म्हणाली, "आजी, मला झाडू मारायची खेळ आवडली." तिचं मराठी असंच आहे, मी कधी दुरुस्त केलं नाही.

"घरात कधी झाडू हातात धरत नाहीस ती?"

"घरात कोण स्कोर ठेवते?"

माझी लेक हॉस्पिटलात नर्स. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. जावई कार्डिफला दुसरा संसार थाटून बसले. त्यामुळे पोर माझ्याच हाताखाली वाढली. मी चौथी शिकलेली, माझं इंग्रजी बसमधलं आणि दुकानातलं. पण दोन बस बदलून रिंकवर तिला मीच न्यायचे आणि मीच आणायचे. तिथे गारठा असा की कोटावर आमच्या ह्यांची माकडटोपी घालून बसायचे. पोरं हसायची. हसू देत. कान माझे होते.

बघून बघून मला खेळ कळायला लागला. दगड हातातून सुटला की तो कुठे जाऊन थांबणार ते सांगता यायचं. नात म्हणायची, "आजीला टीममध्ये घ्या, फक्त ओरडायला."

मग शाळा संपली आणि ती सरावासाठी तासाभरावरच्या गावात राहायला गेली. तासाभरावर म्हणजे लांब नाही, असं सगळे म्हणाले. त्यांचं काय जातंय. ती महिन्यातून एक रविवार यायची, तोही झोपून काढायची. मग स्पर्धा सुरू झाल्या. आज कॅनडा, उद्या स्वीडन. तिचे ओले मोजे कायम आमच्या रेडिएटरवर पडलेले असायचे, मी त्यावरून रोज बोलायचे. ते गेले. थोडे दिवस मी माझेच दोन जोड धुऊन तिथे टाकले. त्यानं काही होत नाही.

टीव्हीवर सामने लागायचे. मी बसायचे. पण कॅमेरा दगडाच्या मागे जातो. मला दगडाचं काय करायचंय? ती जेवली का, नाक लाल आहे ते सर्दीनं की थंडीनं, हे बघायचं असायचं. तेवढ्यात दगड.

लेक म्हणायची, "आई, ती जिंकतेय, तुझं तोंड का असं?"

"माझं तोंड असंच आहे."

तिशी आली तशी तिचा एक गुडघा बिघडला. सरपटताना सगळा भार त्याच्यावर. डॉक्टर म्हणाले, फार दिवस चालणार नाही. त्या वर्षी ती देशाच्या अंतिम सामन्यात पोचली. फोनवर मला म्हणाली, "आजी, हे जिंकले तर अजून दोन वर्षं खेळणार. हरले तर बस. घरी येते, तुझ्याकडेच राहते."

मी म्हटलं, "बरं."

बरं म्हटलं, पण त्या दिवसापासून मला ती हरायला हवी होती. मला तेव्हा ऐंशी पुरी झाली होती. दोन वर्षं तिच्यासाठी दोन वर्षं होती, माझ्यासाठी तसं नव्हतं.

सामना बघायला लेक मला गाडीनं घेऊन गेली. ती पुढे मैत्रिणींबरोबर बसली. माझ्या शेजारी लोकरीची टोपी घातलेली एक गोरी बाई होती, माझ्याहून थोडी लहान. सामना शेवटपर्यंत अटीतटीचा होता. मग एका डावात शेवटचा दगड आमचा राहिला. नीट पडला असता तर सामना तिथेच आमच्याकडे फिरला असता. नातीनं सोडला. सुटताक्षणी मला कळलं की जोर जास्त झालाय. दगड कशालाही न शिवता वर्तुळातून सरळ मागे निघून गेला.

आणि मी टाळी वाजवली.

या खेळात कुणाच्या चुकीला टाळी वाजवत नाहीत. समोरचा चुकला तरी नाही. सगळं सभागृह गप्प, त्यात माझी एकटीची टाळी. माणसं वळून बघायला लागली. शेजारची बाई माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, "काळजी करू नका, पहिल्यांदा आलात की कळत नाही. तो दगड चुकला."

मी तिला थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

नातीनंही वळून बघितलं. ती माकडटोपी लांबून ओळखू येते. आणि मला दगड कळतो हे त्या सभागृहात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

पुढच्या डावात त्यांचे गुण आणखी वाढले. या खेळात आशा उरली नाही की दगड शिल्लक असतानाच कप्तान हार मानून हात पुढे करते. तिनं केला. मग जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना प्यायला द्यायचं, एकाच टेबलावर बसायचं, अशी इथली रीत. तीही तिनं हसून पार पाडली.

परतताना गाडीत ती माझ्याजवळ मागे बसली.

"आजी, तू टाळी वाजवलीस."

"वाजवली."

"का?"

"तू घरी यावीस म्हणून."

लेकीनं आरशातून माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीकडे तोंड केलं. नात म्हणाली, "मी तुझ्या टाळीनं नाही हरले हां."

"माहीत आहे. जोर जास्त झाला."

"हो. जास्त झाली."

ती घरी आली. मला हवं होतं ते मिळालं. रेडिएटरवर मोजे आले, कोरडेच. सकाळी उठायची, खिडकीशी चहा घेऊन बसायची, चहा गार व्हायचा. मी समोर बसून बोलायचे. ती "हो आजी" म्हणायची. एका ऑफिसात काम धरलं, ते नीट करायची. रागावली नाही, रडली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. टीव्हीवर सामना लागला की उठून आत जायची. ती लांब होती तेव्हा मला तिची आठवण यायची. ती शेजारच्या खोलीत असताना तीच आठवण आणखी जास्त यायला लागली.

हिवाळा सरत आला तेव्हा स्वित्झर्लंडहून फोन आला. तिथल्या मुलींना शिकवायला बोलावलं होतं. तिनं त्यांना विचार करते म्हणून सांगितलं आणि मला काही बोललीच नाही. लेकीकडून कळलं. मी तिच्या खोलीत गेले.

"हो म्हण त्यांना."

"आणि तू?"

"मी काय, मी आहेच इथे."

"आजी, खरं सांग."

"खरं सांगू? तू अशी बसलेली मला बघवत नाही. जा तू."

ती म्हणाली, "ओके." पण तिचा चेहरा बदललेला मला दिसला. इतके महिने त्या चेहऱ्याची वाट बघत होते, आणि तो आला तो जायचं ठरल्यावर.

तिला जाऊन आता दुसरा हिवाळा आहे. रविवारी फोन येतो. गेल्या रविवारी विचारत होती, "आजी, थालीपीठ कसा लावतेस? मुलींना खायला घालायचाय." मी सांगितलं नाही. म्हटलं, इथे ये, दाखवते. हसली. यायचं कधी ते काही म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

दोन दिवसांनी फोटो आला. इंटरनेटवर बघून केलं होतं. जाड झालं होतं, कडा फाटलेल्या, आणि मधे भोकं पाडायची राहून गेली होती.