झाडांकडच्या बाजूला पाणी

कोच गुडघ्यावर बसला आणि त्यानं माझ्या गवतात बोट खुपसलं. बोट अर्धं बुडालं. मग तो वर बघून स्पॅनिशमध्ये बरंच काही बोलला. हात आधी डोंगराकडं गेला, मग माझ्याकडं.

शेजारी एलेना उभी होती. युनिव्हर्सिटीच्या स्पॅनिश डिपार्टमेंटमधली पोरगी, टीमला दुभाषी म्हणून दिलेली. ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "ते विचारतायत, गाई कधी येणार?"

माझा बॉस टॉम हसला. मला हसायला वेळ लागला, कारण गाई कुठून येतायत म्हणून मी खरंच मागं वळून बघितलं होतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पेनसिल्व्हेनियात डोंगरात एक युनिव्हर्सिटीचं गाव आहे. तिथं मी ग्राउंडवर कामाला होतो. गवत कापायचं, पाणी द्यायचं, चुन्यासारख्या पांढऱ्या रंगाच्या लाइनी मारायच्या. उन्हाळ्यात स्टुडंट घरी जातात, होस्टेलं रिकामी पडतात. त्या वर्षी स्पेनमधला एक लई मोठा फुटबॉल क्लब तिथं येऊन राहिला. नाव सांगत नाही, कारण पुढं मी जे केलं ते त्यांनी वाचलं तर पंचाईत. त्यांच्याकडं नवीन सीझन उन्हाळा संपता संपता चालू होतो. त्याच्या आधी टीम कुठंतरी लांब जाऊन तयारी करते. त्याला प्रीसीझन म्हणतात. पळायचं, वजन उतरवायचं, आणि कोचनं ठरवायचं की यंदा कोण ठेवायचा आणि कुणाला नारळ द्यायचा.

टॉमनं ते ग्राउंड माझ्या गळ्यात घातलं. "सॅम, तुला हा गेम कळतो," म्हणाला. माझं नाव सदाशिव. अमेरिकेत ते एवढंच उरलं.

गेम कळतो ही थाप मीच मारून ठेवली होती. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं पेठेपेठेची टीम असते आणि मॅचच्या दिवशी अख्खी पेठ दुकानं टाकून ग्राउंडवर. मीपण टीममध्ये होतो. माझी पोझिशन म्हणजे लाइनच्या बाहेर. लिंबू कापायचं, बर्फ फोडायचा आणि कुणी पडला तर आत पळायचं. शाळा सातवीतच मला कंटाळली. पुढं लग्न झालं ते शालनशी. ती नर्स. तिला अमेरिकेत हॉस्पिटलात जॉब लागला आणि तिच्या सामानाबरोबर मी आलो. ती हाडांच्या वॉर्डात, मी गवतात.

तर गवत. अमेरिकन फुटबॉलला गवत जरा उंच लागतं, कारण ते लोक एकमेकांना उचलून आपटतात. खाली गादी पाहिजे. आपल्या फुटबॉलला बॉल जमिनीवरनं पळायला पाहिजे. गवत बारीक कापायचं आणि खेळायच्या आधी वरनं हलकं पाणी मारायचं, म्हणजे बॉल सुर्रकन जातो. जास्त पाणी झालं तर उलटं. जमीन भुसभुशीत होते आणि बॉल जागेवर बसतो.

मी कापलं, पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी कोचनं परत बोट घातलं आणि काही बोलला नाही. एलेना म्हणाली, "हे त्यांचं कौतुक आहे."

सगळ्यांच्या आधी ग्राउंडवर एकजण यायचा. रामोन. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूनं येणारा हल्ला अडवणारा. तिशी कधीच ओलांडलेली, कानाजवळ केस पांढरे. तो एकटाच कडेकडेनं चालायचा, मग बाकावर बसून गुडघा चोळायचा. मी थर्मासातला चहा द्यायचो. द्यायच्या आधी, का कोण जाणे, मी हात जोडायचो. मोठ्या क्लबचा माणूस, आपण काय करणार. तोही हात जोडायचा. आलं घातलेला चहा पहिल्या घोटाला त्याला ठसका देऊन गेला. पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून कप पुढं केला.

त्याला चार शब्द इंग्लिश यायचं, मला सहा. तेवढ्यावर भागलं. उरलेलं एलेनानं सांगितलं. क्लबमध्ये तो पोरगा असल्यापासून खेळतोय. दुसरं काही येत नाही. आता कोचला त्याची खात्री वाटत नाही. रविवारी टीममध्येच दोन टीमा करून मॅच होणार, आणि ती बघून कोच ठरवणार.

"आणि नाही ठेवला तर?" मी विचारलं.

"तर घरी. या वयात दुसरा मोठा क्लब कोण घेणार, मिस्टर सॅम?"

मला एकदम वाईट वाटलं. लिंबू कापणाऱ्याला टीमबाहेर बसणं म्हणजे काय ते माहीत असतं.

त्यातनं त्याच्यासमोर खेळणारा विंगर, म्हणजे कडेनं बॉल घेऊन पळणारा, एक नवीन पोरगा होता. केस मानेपर्यंत, पाय वाऱ्यासारखे. प्रॅक्टिसमध्ये तो रामोनला रोज मागं टाकायचा. आणि ते माझ्याच गवतावर. मी जेवढं छान कापायचो तेवढा तो पोरगा जोरात पळायचा.

शनिवारी शालन डबा घेऊन ग्राउंडवर आली. रामोन तेव्हा ड्रेसिंग रूमच्या पायऱ्या उतरत होता.

"ह्यांचा उजवा गुडघा गेलाय," ती म्हणाली. "बघा की, कठड्याला कसं धरलंय."

"उद्या त्याची परीक्षा आहे."

"तुमचा जीव का वरखाली होतोय? तुम्हाला खेळायचंय?"

"मी आपला गवतवाला," म्हटलं. पण डोक्यात भोवरा फिरायला लागला होता.

आमच्या पेठेत एक रीत होती. समोरच्या टीममध्ये कोण जोरात पळणारा असला, तर तो ज्या बाजूला खेळतो तिथं आमची पोरं सकाळीच पाणी सोडायची. कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. पळणाऱ्याचे पाय रुतायचे आणि आम्ही साळसूद चेहऱ्यानं आभाळाकडं बघायचो. समोरची पेठही तेच करायची, त्यामुळं तक्रार कुणाचीच नसायची.

रविवारी सकाळी टॉम कॉफी आणायला गेला. ग्राउंडच्या एका कडेला झाडांची रांग होती. कोच मेन टीमला नेहमी जिमकडच्या बाजूनं सुरुवात करायला लावायचा, म्हणजे रामोन बरोबर झाडांकडं उभा राहणार. मी झाडांकडचा स्प्रिंकलर सोडला आणि सोडून विसरल्यासारखं केलं. ग्राउंड मधे उंच आणि कडेला उतरतं असतं, कासवाच्या पाठीसारखं, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. त्यामुळं सगळं पाणी कडेलाच जमलं. वरनं हिरवंगार. पाय ठेवला की पचक.

टॉम आला, त्यानं बघितलं आणि स्प्रिंकलर बंद केला. "सॅम, हे काय?"

"व्हॉल्व अडकला."

टॉमनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या हातात दोन कॉफ्या होत्या. त्यातली मला द्यायची ती त्यानं दिलीच नाही.

मॅच चालू झाली. शालनला सुट्टी होती म्हणून तीही आली. मी छाती फुगवून उभा. म्हटलं, आता बघा.

तो पोरगा बॉल घेऊन झाडांकडनं आला. बॉल चिखलात बसला. पोरगा थांबला. मी मनात टाळी वाजवली. मग त्या पोरानं बॉल पायाच्या टोकानं उचलला आणि हलकी उडी मारून पुढं गेला. त्याचं वजन ते किती, भिजलेल्या मांजराएवढं. रामोन मात्र दणकट गडी. तो वळला आणि त्याचा पाय जमिनीतच राहिला. वरचं अंग वळलं, गुडघा वळेना. तो कसाबसा तोल सावरत उभा राहिला.

"अगं बाई," शालन म्हणाली. "इथं पाणी कुणी घातलं?"

"का गं?"

"अहो, दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला चिखलात उभं करायचं? पाय अडकला आणि वळला की संपला तो. आमच्या वॉर्डात निम्मे असलेच असतात."

मी थर्मासचं झाकण उगाचच उघडलं आणि लावलं.

पुढचं बघवेना. पोरगा येतोय, रामोन रुततोय. एकदा तो पूर्ण बसला आणि पोरगा शेजारनं गेला. गोल. कोच लाइनवर उभा होता. त्यानं त्या ओल्या पट्ट्याकडं बघितलं. मग सावकाश माझ्याकडं. मी आभाळाकडं बघितलं. कोल्हापूरची सवय.

मग हाफटाइम झाला. आणि तेव्हा, अख्खं आयुष्य फुटबॉलच्या कडेला उभं राहून काढलेल्या माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की हाफटाइमला साइड बदलतात. आता लेफ्ट बॅक दुसऱ्या कडेला जाणार, रस्त्याकडच्या. तिथं कोरडं खणखणीत. आपला बॉल सुर्रकन पळायचा ते ग्राउंड.

म्हणजे रामोन चिखलातनं सुटला हे मला कळायला पाहिजे होतं. पण शालननं एवढं सांगूनही माझं डोकं पेठेतच. मला वाटलं, आता कोरड्यावर तो पोरगा ह्याला कच्चा खाणार. मी टॉमकडं गेलो.

"टॉम, रस्त्याकडंपण थोडं पाणी मारू? दोन्ही बाजू सारख्या दिसतील."

"सॅम," टॉम म्हणाला, "तिकडं बाक आहे. त्याच्यावर बस."

मी बसलो. त्यामुळं रामोन वाचला.

दुसऱ्या हाफमध्ये पोरगा पहिल्यांदा रस्त्याकडनं आला तेव्हा मी डोळे मिटले. शालननं कोपर मारलं. "बघा तरी."

रामोन पळालाच नाही. पोरगा पळत होता, आणि रामोन आपला दोन पावलं टाकून तिथं जाऊन उभा होता जिथं बॉल येणार होता. बॉल आला. त्यानं पायात घेतला, जसा आपण पेपरवाल्याकडनं पेपर घेतो, आणि पुढं पाठवला. पुन्हा पोरगा आला, पुन्हा तेच. त्यानं रामोनला चुकवायला बॉल जोरात पुढं मारला, तर माझ्या बारीक गवतावरनं बॉल लाइनबाहेर. त्याच्या पायांपेक्षा गवत जोरात पळत होतं. रोजच्या प्रॅक्टिसमध्ये कोच रामोनला मुद्दाम पळवायचा म्हणून तो मागं पडायचा. मॅचमध्ये कुठं उभं राहायचं ते त्याचं त्यानं ठरवलं. मी रोज बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

शेवटची शिट्टी झाली. एलेना माझ्याकडं आली. "कोच बोलावतायत. दोघांना."

टॉम आणि मी गेलो. रामोन बाजूला बाकावर गुडघ्यावर बर्फ धरून बसला होता. जॉब गेला तर शालनला काय सांगायचं, याचा विचार मी करत होतो. तसं ती माझ्यामागंच चालत येत होती, त्यामुळं सांगायची गरज पडली नसती.

कोचनं झाडांकडं बोट दाखवलं. एलेना म्हणाली, "पाणी कुणी सोडलं?"

मी तोंड उघडलं.

"व्हॉल्व अडकतो," टॉम म्हणाला. चेहरा दगडाचा. "जुना आहे."

कोचनं मान हलवली. मग तो बराच वेळ बोलला. मधेमधे माझ्याकडं बघून. एलेना ऐकत होती आणि ओठ दाबत होती.

"ते म्हणतात, त्यांचा क्लब स्पेनच्या उत्तरेत, तिथं असे व्हॉल्व प्रत्येक गावात अडकतात. पाहुणी टीम आली की हमखास." ती थांबली. "ते म्हणतात, त्यांना एवढंच बघायचं होतं की रामोन पूर्ण मॅच उभा राहतो का. आता त्यांना दोन्ही कळलं. कोरड्यावर तो त्यांचा बॅक आहे. ओल्यावर नाही. ते त्याला ठेवतायत. पाऊस असेल त्या दिवशी तो बाहेर बसेल."

मी विचारलं, "उत्तरेत पाऊस किती पडतो?"

उत्तर बाकावरनं रामोननंच दिलं. त्याला माझा प्रश्न कळला होता. त्यानं हात आडवा धरून छातीपर्यंत नेला आणि हसला. हसणं खरं होतं, पण पूर्ण नव्हतं.

म्हणजे मी केलेल्या उपकारानं गड्याचा अर्धा सीझन बाकावर गेला. मी स्प्रिंकलर सोडला नसता तर कोचला चिखलाचं कळलं नसतं, असं मी घरी जाताना म्हणालो. शालन गाडी चालवत होती. मला तेव्हा लायसन्स नव्हतं, लेखी परीक्षेत मी चारदा आपटलो होतो.

"कळलं नसतं तर पहिल्या पावसात गुडघा मोडून घरी बसला असता," ती म्हणाली. "ते झालं ते बरंच झालं. पण ते तुमच्यामुळं नाही."

"मग कुणामुळं?"

"मला विचारायचं होतं ना. हाडांच्या वॉर्डात मी काय भाकऱ्या थापते?"

टीम निघायच्या सकाळी रामोन नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी आला. मी हात जोडले, चहा दिला. त्यानं प्यायला. या वेळी ठसका नाही. मग त्यानं झाडांकडच्या स्प्रिंकलरकडं बोट केलं, मग माझ्याकडं केलं, आणि स्वतःच हात जोडले. पण हे हात वेगळे होते. बस कर बाबा, असे.

तेव्हापासून मी कुणाला मदत करायच्या आधी विचारतो, तुला ओलं पाहिजे का कोरडं. निम्मे लोक म्हणतात, काही नको, तू बस. मी बसतो. आणि टॉमनं त्या रविवारनंतर व्हॉल्वची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, ती रिटायर होईपर्यंत.