एकशेबारावी जोडी

इस्पितळाच्या तळघरात रेकॉर्ड रूम होती आणि तिथे ती चौदा वर्षं काम करत होती. खोलीला खिडकी नव्हती. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांत पुठ्ठ्याच्या फायली. वरच्या मजल्यावरून फोन आला की केस नंबर ऐकायचा, शिडी सरकवायची, फाईल काढायची, वर पाठवायची. संध्याकाळी त्याच फायली परत यायच्या आणि परत जागेवर लावायच्या. चौदा वर्षांत नंबर तोंडपाठ झाले आणि गुडघे कामातून गेले.

लग्न झालं नव्हतं. आधी आईचं आजारपण निघालं, मग वडिलांचे डोळे गेले, आणि त्यानंतर कुणी विचारायचंच थांबलं. घरी आता ती आणि बाबा.

रेकॉर्ड रूममध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा तो बसवायला एक माणूस आठ दिवस येत होता. एकच पेशंट दोन-दोनदा का दिसतो, असं तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, सिस्टीममध्येच तसं आहे. मग तिने आणखी काही विचारलं, त्यालाही हेच उत्तर. जाताना तो चहा पिऊन गेला, पण ते वाक्य तिच्या डोक्यात राहिलं. तिला राग आला होता, आणि राग येण्याइतकी ताकद आपल्यात अजून आहे याचं तिला नवल वाटलं. अडतिसाव्या वर्षी तिने संध्याकाळच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पदवीला नाव घातलं.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, बाई आल्या. ती मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसली तेव्हा हशा पिकला. घरी जायची वेळ होईपर्यंत तिची मावशी झाली होती. तिने हरकत घेतली नाही. हरकत घ्यायलाही अंगात जोर लागतो.

सकाळी आठ ते दुपारी चार इस्पितळ, पाच ते आठ कॉलेज. हे चार वर्षं चालणार होतं. पहिल्या वर्षी ग्राफिक्सच्या तासाला पडद्यावर एक ठोकळा फिरवायचा होता. तिचा ठोकळा फिरला, पण तिलाही गरगरलं. लांबची वस्तू लहान दिसावी म्हणून आकड्याला फक्त अंतराने भागायचं असतं, एवढं मात्र तिला फार आवडलं. जग इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. नेटवर्कचा विषय आला तेव्हा बाबा खूश झाले. ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते, आयुष्यभर याची वायर त्याच्या भोकात घालून माणसं जोडून देत होते. निरोपाचे तुकडे करून वेगवेगळ्या वाटांनी पाठवतात आणि पलीकडे पुन्हा जुळवतात, असं तिने सांगितलं तर ते म्हणाले की आमच्या वेळी एवढा खटाटोप नव्हता, लाईन लागली नाही की आम्ही सरळ सांगायचो, उद्या करा.

ऑपरेटिंग सिस्टीम शिकताना ती एकटीच हसली. एक प्रोसेसर, आणि पन्नास कामं त्याच्या मागे लागलेली. तो प्रत्येकाला क्षणभर वेळ देतो, अर्ध्यात सोडतो, दुसऱ्याकडे वळतो, आणि प्रत्येकाला वाटतं की हा आपलंच करतोय. सर फळ्यावर चौकटी काढत होते आणि तिला स्वतःचाच दिनक्रम दिसत होता. सुरक्षेचा विषय मात्र तिला झेपला नाही. त्यात समोरचा प्रत्येक जण लबाड आहे असं धरून चालावं लागतं. दिवसभर माणसांचे आजार हाताळून आल्यावर संध्याकाळी पुन्हा त्यांच्यावर संशय घ्यायचा, यात तिचा जीव रमेना. त्या पेपरात ती कशीबशी पास झाली.

एका गुरुवारी थिअरी, म्हणजे मशीनला काय जमतं याचं गणित, शिकवणाऱ्या बाईंनी सिद्ध करून दाखवलं की काही प्रश्न असे आहेत, ज्यांचं उत्तर कुठलंच मशीन कधीच काढू शकणार नाही. आजचं मशीन नाही, उद्याचंही नाही. मुलं वहीत उतरवून घेत होती. ती पेन खाली ठेवून बसली. कुणीतरी खांद्यावरून ओझं उतरवून घ्यावं तसं तिला वाटलं. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा दमलेली नव्हती. चार वर्षांत अशी ती एकच संध्याकाळ.

डेटाबेसबद्दल तिला काही वाटायचं नाही. तक्ते, रकाने, नोंदी ओळखायच्या किल्ल्या. दिवसभर तेच, संध्याकाळी पुन्हा तेच.

तिसऱ्या वर्षी पाच जणांचा गट करून प्रोजेक्ट करायचा होता. तिच्या गटात एक हुशार, घाईतला मुलगा होता, त्याला सगळे कॅप्टन म्हणत. सगळ्यांना आर्टिफिशियल इंटेलिजन्सच हवं होतं. त्या वर्षी कॉलेजात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. विषय शोधता शोधता तिने इस्पितळातल्या दुबार नोंदींची गोष्ट काढली. एकाच माणसाची दोन-दोन कार्डं झालेली, चाळीस हजार नोंदींमध्ये ती शोधायची आणि एकत्र करायची. कॅप्टनचे डोळे चमकले. तिने इस्पितळाची लेखी परवानगी आणली, काम तिथल्याच कॉम्प्युटरवर करायचं ठरलं, आणि तीन महिन्यांत मुलांनी प्रोग्राम उभा केला. तो नाव, पत्ता, जन्मतारीख ताडून पाहायचा, त्यावरून शिकायचा, आणि दोन कार्डं एकाच माणसाची वाटली की आपणहून एक करून टाकायचा. चाचणीत शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर आली. मुलांनी टाळ्या दिल्या. तिनेही दिली, आणि मग म्हणाली की खऱ्या नोंदी जोडण्याआधी मी एकदा यादी बघते.

यादीत सहाशे चाळीस जोड्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत ती रोज वीस जोड्यांच्या फायली शिडीवर चढून काढायची, समोरासमोर ठेवायची आणि डबा खाता खाता वाचायची. बहुतेक जोड्या खरंच एकाच माणसाच्या होत्या. पण पूर्वीच्या कारकुनांची एक सवय होती. जन्मतारीख माहीत नसली की ते एक जानेवारी लिहून मोकळे व्हायचे. कागदोपत्री शहरातले निम्मे म्हातारे एक जानेवारीलाच जन्मले होते. अशा दोन वेगळ्या म्हाताऱ्यांना प्रोग्रामने तीन ठिकाणी एक ठरवलं होतं. तिने पेन्सिलीने खुणा केल्या.

सहाव्या दिवशी एकशेबारावी जोडी आली. आडनाव एक, वडिलांचं नाव एक, पत्ता एक, जन्मतारीख एक. पहिल्या नावाचं फक्त आद्याक्षर टाईप केलेलं, तेही एक. तिने दोन्ही फायली उघडल्या आणि डबा बाजूला सारला. त्या जुळ्या बहिणी होत्या. एकीच्या फायलीवर पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलं होतं की हिला अमुक इंजेक्शन चालत नाही, दिलं तेव्हा श्वास अडकला होता. दुसरीला तेच इंजेक्शन वर्षातून दोनदा दिलं जात होतं. प्रोग्राम दोन कार्डं एक करताना नवी नोंद ठेवायचा आणि जुनी झाकून टाकायचा. लाल शाईतला इशारा जुन्या नोंदीत होता.

तिने यादीत त्या जोडीवर पेन्सिलीने फुली मारली. वरून फोन वाजला, तिने उचलला, नंबर ऐकला, शिडी सरकवली.

त्या संध्याकाळी तिने गटाला सांगितलं की प्रोग्रामने आपणहून काही जोडायचं नाही. त्याने जोड्या दाखवायच्या, ठरवायचं माणसाने. मुलांची तोंडं उतरली. आपोआप जोडणं हीच तर त्यांची करामत होती, आणि सादरीकरण दहा दिवसांवर आलं होतं.

कॅप्टन म्हणाला, "मावशी, शंभरात दोन चुका सगळीकडे धरून चालतात."

"मग ते दोन कोण, तेवढं सांग."

"ते कसं सांगणार? ते कळलं असतं तर चूक कशाला राहिली असती?"

"म्हणूनच म्हणते, मला बघू दे."

"सहाशे चाळीस जोड्या तुम्ही एकट्या बघणार?"

"एकशे बारा झाल्यात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढवण्याइतका तो शिल्लकच नव्हता.

परवानगीच्या कागदावर सही तिची होती, त्यामुळे मुलांना ऐकावं लागलं. सादरीकरणाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की शेवटी ठरवायचं माणसानेच, तर तुमच्या प्रोग्रामने केलं काय? तिने उत्तर दिलं की चाळीस हजारांतून सहाशे चाळीस काढून दिल्या, नुसत्या शोधायलाच आमचा जन्म गेला असता. परीक्षक हसले आणि मार्क कापले. गट चौथा आला. पहिला येईल अशी सगळ्यांची खात्री होती.

कॅप्टन दोन आठवडे तिच्याशी बोलला नाही. मग एका दुपारी तो रेकॉर्ड रूमच्या दारात उभा. तिने एक स्टूल पुढे सरकवलं. त्याने आधी एकशेबारावी जोडी मागितली. दोन्ही फायली त्याने बराच वेळ वाचल्या, सह्या ताडून पाहिल्या. एकीची सही उजवीकडे झुकलेली, दुसरीची उभी. लाल शाईवर त्याने बोट ठेवलं आणि काढून घेतलं. मग पुढच्या वीस जोड्या घेऊन बसला. तासाभराने मान चोळत त्याने विचारलं, "मावशी, तुम्ही हे रोज करता?" ती म्हणाली, रोज नाही, रविवारी सुट्टी असते.

शेवटच्या वर्षासाठी खास विषय निवडायचा फॉर्म आला. थिअरीच्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. त्यांना तिची काळजी होती. त्यांचं म्हणणं, जे वाढतंय ते घ्या, ए.आय. घ्या, या वयात मागे पडून चालणार नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तिकडे गेले तर मला पुन्हा नव्याने कुणीतरी व्हावं लागेल," ती म्हणाली. "एवढा दम नाही उरला. डेटाबेस घेते. तिथे मी आधीपासूनच आहे."

बाईंनी आग्रह सोडला. तिने मग चाचरत विचारलं की गुरुवारच्या थिअरीच्या तासाला नुसतं येऊन बसलं तर चालेल का, परीक्षा न देता. बाई म्हणाल्या, या की. त्या वर्षी ती दर गुरुवारी मागच्या बाकावर बसायची. बरेचदा डुलकी लागायची. बाई तिला उठवायच्या नाहीत.

ती दुसऱ्या वर्गात पास झाली. पदवीदान सकाळी होतं, सकाळी तिची ड्युटी होती, ती गेली नाही. प्रमाणपत्र टपालाने घरी आलं. इस्पितळात टेबल तेच राहिलं. फरक एवढाच की कुणाचाही कॉम्प्युटर अडला की आता तळघरात फोन येतो, आणि ती उत्तर देताना कधी म्हणत नाही की सिस्टीममध्येच तसं आहे. का तसं आहे ते सांगते. बहुतेकांना ते ऐकायला वेळ नसतो. दुबार नोंदी ती अजून हातानेच तपासते, पहिली यादी केव्हाच संपली, दुसरी चारशेच्या पुढे गेली आहे.

प्रमाणपत्र आलं त्या दिवशी बाबांनी ते हातात घेऊन कागदाचा जाडपणा चाचपून पाहिला आणि तिला मोठ्याने वाचायला लावलं. तिने वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं, तिने पुन्हा वाचलं.

"म्हणजे आता कायम पाचला घरी येणार तू?"

"हो बाबा."

"मग चहा मी टाकत जाईन," ते म्हणाले. "गॅस मला कळतो."

ती हो म्हणाली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. बाबा भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज येत राहिला. चहा झाला तेव्हा तिला झोप लागली होती, आणि त्यांनी हाक न मारता तिच्या कपावर बशी झाकून ठेवली.