गाडी तुमची, रंग तुम्ही सांगा

हिरव्या तारेला मी लाल म्हणालो आणि लाल तारेला हिरवी. डोळे माझे ठणठणीत होते, ऊन लख्ख होतं आणि दोन्ही तारा माझ्या नाकासमोर धरलेल्या होत्या. गंमत म्हणून म्हणालो. माझ्या चुकांची यादी लांबलचक आहे आणि ती मी चवीने सांगत असतो, हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. ही चूक मात्र अलीकडे चवीने सांगता येत नाही. तरी सांगतो. सवय जात नाही.

ज्यांना मी हे सांगितलं ते इंदूरच्या जुनी इंदूर भागात गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. सगळा बाजार त्यांना उस्ताद म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो. वडील गिरणीत इलेक्ट्रिशियन, घरात मराठी, दुकानात हिंदी, आणि शिव्या मालवी बोलीत. दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं आणि समोर एक गाडी उभी राहील एवढा रस्ता. तीस वर्षांत त्यांनी जोडलेली एकही तार जळली नव्हती. एवढीच त्यांची इस्टेट, आणि ती सगळ्या शहराला माहीत होती. देवास-धारहून लोक गाडी घेऊन यायचे ते त्या एका गोष्टीसाठी.

आमची ओळख माझ्या आधीच्या एका मूर्खपणातून झाली. मी वीज खात्यात तक्रारीच्या खिडकीवर बसतो. लोकांच्या तक्रारी लिहून घेता घेता वीज आपल्याला कळते असा माझा समज झाला होता. बायको सिमरोलच्या शाळेत शिकवते. थंडीत सकाळी त्या रस्त्यावर धुकं असं असतं की बैल धडकल्यावरच दिसतो. म्हणून मी गाडीला पुढे दोन जादा दिवे लावले, स्वतः, एका रविवारात. हेडलाइटच्या तारेला चाकूने सोललं, नव्या दिव्यांच्या तारा तिला पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. दिवे काय सुंदर लागले. मंगळवारी बायकोचा फोन आला, "स्टिअरिंगजवळून धूर येतोय. हे पण तुमच्या दिव्यांचंच आहे का?"

गाडी दोरीने ओढत उस्तादांकडे आणली. त्यांनी वितळलेला स्विच काढून बाकड्यावर ठेवला आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी."

"घरी भांडण झालं होतं?"

"नाही."

"मग बायकोला जाळायचं कारण काय?"

नंतर कळलं की मी वीज खात्यात आहे. मग काय. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझी ओळख करून दिली जाऊ लागली. "ये अपने बिजलीवाले साहेब हैं. रिले नहीं लगाते, सीधे अंतिम संस्कार करते हैं." रिले म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. मोठ्या दिव्यांचा भार बिचाऱ्या स्विचवर टाकायचा नाही. स्विचने फक्त इशारा करायचा, ओझं दुसऱ्याने वाहायचं. "तुमच्या ऑफिसात साहेब आणि बाबू असतात ना," उस्ताद म्हणाले, "तसंच. तुम्ही साहेबालाच पोतं उचलायला लावलंत."

पण त्यांची खरी ख्याती तिखट जिभेची नव्हती, एका रिवाजाची होती. तार हातात घेतली की ते ती स्वतःच्या डोळ्यांसमोर धरत नसत, गाडीच्या मालकाच्या डोळ्यांसमोर धरत. आणि म्हणत, "बोला, रंग."

मालक गोंधळायचा. "क्या?"

"गाडी तुमची, तार तुमची. रंग तुम्ही सांगा."

कोट घातलेला डॉक्टर असो की पोलीस ठाण्याचा साहेब, प्रत्येकाला बॉनेटपाशी उभं राहून बालवाडीतल्यासारखं म्हणावं लागे, "लाल. हिरवी. कत्थई." आम्ही बाकड्यावरचे लोक हसायचो. हा उस्तादांचा माज आहे, पैसेवाल्याला दोन मिनिटं शाळेत बसवायची त्यांची पद्धत आहे, असं सगळेच समजत. मलाही त्या पहिल्या दिवशी सात तारांचे रंग म्हणायला लावले होते. एका पांढऱ्या पट्ट्याच्या तारेवर मी अडखळलो तेव्हा म्हणाले, "नीट बघा. घाई नाही."

काम बघत राहावं असं. जोड पिळून सोडायचे नाहीत, सोल्डर करायचे. तार गरम भागापासून लांबून न्यायची, आणि कुठेही ताणायची नाही. "थोडी ढील ठेवायची. गाडी हलते, माणूस हलतो, ताणलेलं तुटतं." सगळं जोडून झालं की कान बॉनेटजवळ न्यायचे आणि स्विच दाबायला सांगायचे. रिलेचा टक् असा आवाज आला की चेहऱ्यावर असा आनंद, जसा काही नातवाने पहिल्यांदा हाक मारली.

मग मी रविवारी तिकडे जाऊन बसू लागलो. चहा मी मागवायचो, शिव्या ते द्यायचे. हळूहळू झालं असं की मालक मठ्ठ निघाला, की ते मला हाक मारायचे, "बिजलीवाले, इकडे या. बोला, रंग." मी बोलायचो. एकदा म्हणाले, "तुमची नजर चांगली आहे." मी ते टोमण्यात धरलं. वर्षभर माझ्या वितळलेल्या स्विचची कथा ऐकवणारा माणूस माझी स्तुती करेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उलट मी संधी शोधत होतो. एकदा तरी यांची फजिती झालेली बघायची, बस.

संधी एका जीपवाल्याच्या रूपाने आली. हाटपिपल्याचा माणूस, लग्नाला जायचं होतं, घाईत. दिव्यांचा सेट त्याने कुठूनसा स्वतःच आणला होता. तारा सगळ्या एका जाडीच्या. उस्तादांनी दिवे बंपरला कसले आणि दोन तारा घेऊन बॅटरीकडे आले. फ्यूज त्यांनी हातात घेतला होता, तेवढ्यात जीपवाला म्हणाला, "उस्ताद, पहले जलाके तो दिखाओ, चलता भी है कि नहीं." उस्तादांनी फ्यूज बाजूला ठेवला. तारा माझ्यासमोर धरल्या.

"बोला, रंग. लाल कोणती?"

बाकड्यावर चार-पाच जण होते. माझ्या मनात असं की आपण उलटं सांगू, ते खाली बघतील, मला आंधळा म्हणतील, मग मी म्हणेन की तुमचीच परीक्षा घेत होतो. लोक हसतील, या वेळी माझ्या बाजूने.

मी हिरवीवर बोट ठेवलं; बाकड्याला आणि जीपवाल्याला माझी फक्त पाठ दिसत होती. "ही."

त्यांनी खाली बघितलंच नाही. त्या सेटमधली हिरवी तार दिव्याच्या लोखंडी अंगाला, म्हणजे जीपच्याच अंगाला जोडलेली होती. ती बॅटरीच्या प्लसच्या तोंडाला लागली मात्र, फट् आवाज झाला, ठिणगी उडाली, तारेवरचं प्लास्टिक हातभर उकललं आणि धूर आला. उस्तादांनी झटक्यात तार खेचून काढली. दोन बोटं भाजली. बाकी जीपला काही झालं नाही. म्हणजे बघा, नुकसान एवढंसं.

"उस्ताद, दिखता नहीं क्या?" जीपवाला ओरडला. "हरा है ये."

उस्तादांनी दोन्ही तारा उचलल्या आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर धरल्या. त्यांना असं करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. उन्हात धरल्या, सावलीत धरल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, मराठीत विचारलं, "साहेब, खरं सांगा. लाल कोणती?"

तेव्हा मला कळलं. सगळ्यांनाच कळलं. या माणसाला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नव्हतं, आणि तीस वर्षं त्याने ते माजाखाली झाकून ठेवलं होतं.

त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. "उस्तादांची चूक नाही, मी मुद्दाम उलटं सांगितलं." एवढ्यावर सगळं निभावलं असतं. जीपवाला मला दोन शिव्या हासडून लग्नाला गेला असता. पण बाकड्यावरची माणसं माझ्याकडे बघत होती, तोंडं उघडी, हसायला तयार. आणि माझ्यासारख्या माणसाला तयार श्रोते दिसले की काय होतं ते तुम्ही जाणता. मी म्हणालो, "उस्ताद, आज गाडी माझी नाही. रंग तुम्ही सांगा."

काय हसले लोक. जीपवालासुद्धा हसला.

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी तारा बाकड्यावर ठेवल्या, नळाखाली बोटं धरली, आणि टेस्ट लॅम्प लावून, एकेक तार तपासत, काम पुरं केलं. फ्यूजसकट. मला त्यांनी जा म्हटलं नाही. पुढचा रंगही विचारला नाही.

इथे थांबलो असतो तरी माणसात जमा झालो असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या दुकानावर मी हा किस्सा सांगितला. ठिणगीचा आवाज काढून, त्यांनी तारा उन्हात कशा धरल्या त्याची नक्कल करून. "भिया, एक बार और," लोक म्हणाले. मी पुन्हा सांगितला. आठवडाभरात तो माझ्याआधी बाजारात पोहोचू लागला. मग लोक उस्तादांच्या शटरसमोर उभे राहून कचोरीच्या दोन चटण्या, एक लाल, एक हिरवी, पुढे करायचे. "उस्ताद, मीठी कौनसी, तीखी कौनसी? चखना मत, देखके बताओ." कोणी हिरवी साडी नेसलेल्या बाईकडे बोट दाखवायचं. कोणी सिग्नलवरून विचारायचं. मीही एकदा चटणीच्या वेळी तिथे होतो. लांब उभा होतो, हे खरं. हसलो, हेही खरं.

गिऱ्हाइकं येत राहिली, पण आता ती खांद्यावरून वाकून बघायची. "उस्ताद, रुको, वो तो लाल है ना?" टेस्ट लॅम्पने तपासलेल्या तारेवरही लोकांचा भरवसा राहिला नाही. एका टॅक्सीवाल्याने उघडलेलं बॉनेट तसंच बंद केलं आणि म्हणाला, "आप रहने दो, चाचा." उस्तादचे चाचा झाले. तीस वर्षांत जळली नव्हती ती तार एकदा जळली, आणि ती माझ्या तोंडून जळली हे मला आणि त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी ते कोणालाही सांगितलं नाही. मी वाट बघत होतो की सांगतील. सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

होळीनंतर शटर उघडलंच नाही. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

पाव किलो पेढे घेऊन मी राजेंद्र नगरला त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या बायकोने उघडलं. आत कुठेतरी रेडिओ लागला होता, तो माझा आवाज ऐकून बंद झाला.

"वहिनी, उस्ताद आहेत?"

"आहेत. भेटणार नाहीत."

मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं कबूल केलं. रंग मीच उलटे सांगितले, गंमत केली, माफी मागायची आहे. वहिनींनी दाराची कडी धरून ऐकलं. मग म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून दुकानाच्या तारांना मीच गाठी मारून द्यायची. लालला एक, हिरवीला दोन. माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. गाडीतल्या आणि लोकांनी आणलेल्या तारांना गाठी नसतात, म्हणून ते विचारायचे. तुमच्याबद्दल घरी येऊन म्हणाले होते, एक नेक माणूस भेटलाय, त्याला विचारलं की पुन्हा तपासावं लागत नाही."

पेढ्यांचा डबा मी पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. दार लोटता लोटता थांबल्या.

"चहा विचारला असता तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही तेही जाऊन पोह्यांवर सांगाल."