चव बघणाऱ्या बाई

“थांब हं, आधी चव बघू दे,” असं म्हणून बाई दगड जिभेला लावायच्या. आमटी नव्हे, दगड! घाटातून फोडून आणायचा, फुंकर मारून धूळ उडवायची आणि सरळ जिभेला. मग डोळे बारीक करून विचारात पडायचं. आता सांगा, तुम्ही-आम्ही काय समजावं?

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लोणावळ्यात आमच्या घराची मागची खोली त्यांनी थंडीपुरती भाड्यानं घेतली होती. मी तेव्हा नवी सून. बाई पुण्याहून भूगर्भशास्त्र शिकून आलेल्या. सगळ्या वर्गात बाईमाणूस म्हणून त्या एकट्याच. लग्न केलेलं नव्हतं. नऊवारी आवळून, पायात पुरुषी बूट घालून, खांद्याला झोळी अडकवून रोज खंडाळ्याकडचे डोंगर चढायला निघायच्या.

एकदा म्हणाल्या, “या डोंगरांचा नकाशा करायचं हे काम या थंडीत पुरं झालं नाही ना, तर आमचे साहेब म्हणतील, बघा, बाई डोंगरात टिकत नाही. मग माझ्यामागून कुठल्याच मुलीच्या हातात हातोडी द्यायचे नाहीत.” एका हातोडीसाठी एवढा जीव टाकायचा? मला काही उमगेना.

अशात कुसगावची दूधवाली आली. चरवी खाली ठेवून सासूबाईंच्या कानाशी लागली.

“आक्का, तुमच्या मागच्या खोलीतली बाई माती खाती. म्या डोळ्यानं बघितलं. पोटुशी हाय, दुसरं काय?”

झालं! लग्नाचा पत्ता नाही आणि डोहाळे! सासूबाई मूळच्या पवनेकाठच्या, शब्दाच्या कडक. मला म्हणाल्या, “सूनबाई, तिला सांग. उद्या खोली मोकळी कर म्हणावं.”

मी गेले, पण माझी जीभ रेटेना. बाई खोलीभर दगड मांडून बसल्या होत्या. शेवटी मान खाली घालून विचारलं, “बाई, तुम्हाला दिवस गेलेत का?”

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. मग तांबडं ढेकूळ माझ्या हातात दिलं. “लाव जिभेला. लाव गं!”

लावलं. असं चिकटलं की ओढून काढावं लागलं.

“चिकटली की माती, नाही तर दगड. अगं, हे डोंगर म्हणजे जमिनीतून वाहत आलेली आग. एक थर निवला, त्याच्यावर माती धरली, मग पुढची आग आली. ही त्या मधल्या काळातली माती.”

आग वाहते? तिचा डोंगर होतो? माझं डोकं गरगरायला लागलं. अजूनही तो डोंगर बघितला की गरगरतं.

मग त्यांनी सासूबाईंनाच गाठलं. “आक्का, जीभ काढा.” आणि ज्यांच्यापुढे सासरे मोठ्यानं खोकत नसत, त्या आमच्या सासूबाई पडवीत जीभ काढून बसल्या! ढेकूळ चिकटलं. सुटल्यावर त्या म्हणाल्या, “व्हय की.” मग त्यांची नजर बाईंच्या फुटलेल्या टाचांवर गेली.

“ऱ्हावा. काम हुईस्तोवर ऱ्हावा.”

माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी दूधवालीलाही सासूबाईंनी दटावलं, “गावात बोललीस तर तुजं दूध बंद.”

काम पुरं झालं. निघताना सासूबाईंनी बाईंच्या हातात एक डबा ठेवला, “गाडीत उघडा” म्हणाल्या. मी स्टेशनापर्यंत गेले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बाई खिडकीतून हात हलवत होत्या. पुन्हा काही त्या आल्या नाहीत. किती आठवण आली त्यांची!

घरी आले तर सासूबाई दारातच. “बसाया जागा गावली का तिला? अवघडलेल्या बाईनं उभं ऱ्हाऊ न्हाई.”

मी म्हटलं, “अहो, पण तुम्ही माती जिभेला लावून बघितलीत ना?”

“बघितली की.”

“मग डब्यात काय दिलंत?”

“डिंकाचं लाडू. आन माज्या जुन्या लुगड्याचं एक दुपटं.” त्या आत वळल्या. “तसल्या वेळी घालवून दिली असती, तर कुटं गेली असती ती?”