खाली म्हंजे कुठं?

चौसाळ्याच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत मी दर शनिवारी पोरांना ताल शिकवतो. निदान माझा तसा समज हाय. एका शनिवारी मुख्याध्यापकांनी मला दारातच गाठलं. "सर, तुमच्या तासाला पोरं नुसती उड्या मारतेत. आज मी बसून बघतो. काही शिकलेली दिसली न्हाईत, तर हा तास गणिताला." हा एक तास गेला, तर हप्ताभर मी आंघोळ तरी कशासाठी करायची?

म्हणून पोतडीतला सगळ्यात भारी खेळ काढला. पोरांना तो नवाच होता. सगळी गोल उभी केली. तीनतालाच्या सोळा मात्रा, तेवढ्या उड्या जागच्या जागी. एकला मी 'सम' म्हणणार, तेव्हा टाळी. नऊला 'खाली' म्हणणार, तेव्हा टाळी न्हाई, हात मोकळा सोडायचा. एवढं भरभर सांगून टाकलं. तबल्यापुढं बसून केस पांढरे झाले, त्यामुळं 'खाली' म्हणजे काय हेही सांगावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई.

समेला टाळी अशी पडली, की मी मुख्याध्यापकांकडं लई ऐटीत बघितलं. मग नऊ आले. मी ओरडलो, "खाली!" अख्खा वर्ग धपकन मातीत बसला.

"अरे, खाली! खाली रे बाबांनो!" माझं डोकंच फिरलं. दोघं-तिघं तर आडवे झाले. मुख्याध्यापक तोंडाला रुमाल लावून गदगदा हलत होते.

दुसरीतली एक पोरगी फ्रॉक झटकत उठली. "सर, कावून वरडता? बसलो की खाली."

"बसायचं न्हाई गं! खाली म्हणजे रिकामी मात्रा!"

"मग रिकामी म्हणा की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा सुरू केलं. नऊला मी "रिकामी!" म्हणालो आणि सगळ्यांचे हात अलगद सुटले. एकही पोर चुकलं न्हाई. मला इतका आनंद झाला, की मीच कडाडून टाळी वाजवली. नेमकी नवव्या मात्रेवर, एकट्यानं.

मुख्याध्यापकांनी डोळे पुसले आणि पोरांनाच विचारलं, "बोला, हा तास ठेवायचा का गणित घ्यायचं?"

"हाच ठिवा," तीच पोरगी म्हणाली. "गणितात आमी चुकतो. हितं सर चुकतेत."

तास राहिला. कशाच्या जोरावर, ते मी घरी अजून सांगितलेलं न्हाई.