बेसिनसमोरची जागा

आमच्या डोंगरावरच्या घरात न्हाणीघराची जमीनही लाकडी आहे. आज तिथं फरशी बसणार म्हणून सकाळपासून माझं आतबाहेर चाललं आहे. हे गेल्यापासून प्रथमच मला कशाची तरी अशी घाई झाली आहे.

मिस्त्रींनी फळ्यांवर लांब पट्टी आडवी ठेवली, तर बेसिनसमोर तिच्याखालून उजेड दिसला. रोज तिथंच उभे राहून हे दाढी करायचे.

"वहिनी, हा खोलगट भाग भरावा लागेल, नाहीतर फरशी तडकेल."

"थांबा जरा." चपला काढून मी तिथं उभी राहिले. माणूस गेल्यावर त्याचं वजन असं मागे राहतं, हे इतकं वाचूनही मला ठाऊक नव्हतं.

"वहिनी, तुमच्यासकट भरू का?" मिस्त्री हसले. मीही हसले आणि बाजूला झाले.

"भरा. आणि आरसा थोडा खाली लावा, माझ्या उंचीला."